रुग्णशुश्रूषा हे भजन आहे काय?

गेल्या ज्येष्ठात निर्मळच्या अलीकडे एका वाडीत आमची कीर्तनसेवा झाली. विषय पुंडलिकाचाच होता, कारण वारी तोंडावर आली म्हणजे श्रोत्यांना दुसरे काही गोड लागत नाही. आरती झाली, बुक्का लावून झाला, माणसे चपला शोधू लागली. तेव्हा सत्तरीच्या घरातले एक माळकरी गृहस्थ खांबाआडून पुढे आले आणि म्हणाले, "बुवा, एक विचारू? करोनाची दोन सालं सोडली तर सत्तावीस वर्षं माझी वारी चुकली नाही. यंदा आमची ही अंथरुणात आहे. उजवं अंग गेलंय. पोरगा न् सून सहाच्या लोकलनं जातात ते रात्री येतात. पैसे देऊन बाई ठेवली तर वारी होते. तुम्ही आत्ताच सांगितलंत की पुंडलिकानं देवालासुद्धा थांबवलं. मग मी जाऊ का नको?"

आम्ही काय उत्तर दिले असेल? "जशी पांडुरंगाची इच्छा." हे उत्तर नव्हे, ही पळवाट होय, हे त्यांनाही कळले आणि आम्हांलाही कळले. त्यांनी नमस्कार केला व ते गेले. रात्री घरी परतल्यावर आम्हांला झोप आली नाही, कारण हाच प्रश्न एकदा आमच्या दारात उभा राहिला होता, आणि त्या वेळी तो आम्ही कोणालाही न विचारता सोडवून टाकला होता.

सन २००७ च्या चैत्रात आमच्या आईस पक्षाघात झाला. वय ब्याऐंशी. वाचा गेली, डावी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी जे जे सांगितले ते आम्ही मान डोलावून ऐकले, आणि औषधांच्या वेळांखेरीज बाकीचे सारे विसरलो. ज्येष्ठ वद्य अष्टमी जवळ आली तशी आमच्या पायांना ओढ लागली. आईपाशी बसून विचारले, "आई, वारीला जाऊ ना?" तिने डोळे मिटले. आम्ही त्याचा अर्थ होकार असा केला. तो होकारच होता काय, हे आजतागायत आम्हांस ठाऊक नाही.

आम्ही आळंदीस गेलो. वीस-बावीस दिवस पालखीबरोबर चाललो, वाटेत चार ठिकाणी कीर्तने केली, त्यांपैकी दोन मातृभक्तीवर. घरी आमचे कुटुंब एकटे. पहाटे पाण्याचा टँकर येई तेव्हा रांगेत उभे राहायचे, दोन लहान नातवंडांना शाळेत धाडायचे आणि आईचे सर्व करायचे. आम्ही परत आलो ते प्रसाद, बुक्का, तुळशीमाळा घेऊन. घरात पाऊल ठेवले आणि वास आला. आईच्या माकडहाडावर रुपयापेक्षा मोठी जखम झाली होती. कुटुंबाने रडत सांगितले, "मी रोज पुसत होते, पावडर लावत होते. एकटीनं मला त्या उचलत नव्हत्या हो."

तिला आम्ही काही बोललो नाही. बोलण्याचे तोंडच नव्हते. परंतु मनातल्या मनात मात्र आम्ही म्हटले की हे प्रारब्ध आहे, देहाचे भोग देहाला. ही आमची दुसरी पळवाट. शास्त्र शिकलेल्या माणसाला पळवाटा लवकर सापडतात, हा शास्त्राचा दोष नव्हे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक ख्रिस्ती बाई राहतात. मुंबईत पस्तीस वर्षे परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झालेल्या. सगळी आळी त्यांना सिस्टर म्हणते. कोणी तरी त्यांना सांगितले असावे. त्या आल्या, आईला पाहिले, हात धुतले आणि पदर खोचला. जखम पाहून त्या म्हणाल्या, "बुवा, ही जखम रोगानं झालेली नाही. एका कुशीवर पडून पडून झालेली आहे." त्या रागावल्या नव्हत्या, शिकवीत होत्या. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरते, तिथले रक्त थांबते आणि कातडी आतून मरते. वर लाली दिसते. त्या लालीवर बोट दाबून सोडावे. जागा क्षणभर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे, पांढरी होतच नसेल तर आत बिघडले आहे असे समजावे. अशा लाल जागेला चोळू नये. चोळल्याने बरे वाटत नाही, आतले आणखी फाटते. (आम्ही आल्या दिवशीच मायेने तेल चोळले होते!) रुग्णाला ओढून वर सरकवू नये, चादरीसकट दोघांनी उचलावे, कारण ओढताना कातडी एकीकडे राहते आणि हाड दुसरीकडे जाते. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवाव्यात. पाठीमागे उशी देऊन थोडे तिरके निजवावे, अगदी काटकोनात कुशीवर नको, नाहीतर खुब्यावर तोच भार येतो. ओले झाले की लगेच कोरडे करावे. आणि दर दोन तासांनी कूस पालटावी, दिवसा आणि रात्रीही.

आम्ही विचारले, "रात्रीसुद्धा?"

त्या म्हणाल्या, "काकड्याला उठता ना? मग?"

त्या दिवसापासून दीड वर्ष, आई जाईपर्यंत, आमच्या घरी भिंतीवर एक पाटी होती: डावी, उतानी, उजवी, वेळ, आणि कोणी पालटली त्याचे नाव. रात्री बारा व दोनची पाळी आमची, चारची कुटुंबाची, कारण चारला तिला तसेही पाण्यासाठी उठावे लागे. जखम भरायला पाच महिने लागले. २००८ ची वारी आम्ही केली नाही. हे कौतुकासाठी सांगत नाही. आधीच्या वर्षी केली होती, ती नीट तपासून पाहण्यासाठी सांगतो.

आता प्रश्नाकडे येऊ. 'शुश्रूषा' हा शब्द आपण रोज वापरतो. त्याचा मूळ अर्थ सेवा नव्हे. 'श्रु' म्हणजे ऐकणे, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. जो गुरूचे, वडिलांचे, रुग्णाचे ऐकू इच्छितो तो त्याच्याजवळ राहतो, त्याची हाक लागण्यापूर्वी उठतो, म्हणून सेवा हा अर्थ मागाहून आला. पाठशाळेत गुरुजींनी ही व्युत्पत्ती सांगितली तेव्हा आम्ही ती परीक्षेपुरती पाठ केली. ज्या आईची वाचा गेली आहे तिचे ऐकायचे म्हणजे काय, हे सिस्टरनी लालीवर बोट दाबले तेव्हा कळले. ती कातडी बोलत होती, आणि वीस दिवस ऐकायला कोणी नव्हते.

आमचा संप्रदाय भावाला मोठे मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु भाव असला की सारे आले, ही समजूत रुग्णाच्या खाटेपाशी टिकत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रुग्ण. खाटेचा एक पाय आखूड असला तर खाट डुगडुगते, तसेच हे. त्यांतील परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत असे आचार्य म्हणतात: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. क्रम पाहावा. प्रेम आहे, पण तिसरे आहे. आधी सेवेचे ज्ञान आणि हातांतली चपळाई. आमच्यापाशी अनुराग पुष्कळ होता, ज्ञान शून्य होते, म्हणून आम्ही प्रेमाने तेल चोळले आणि जखम वाढवली.

त्याच सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात रुग्णालय कसे सिद्ध करावे याचे वर्णन आहे. तेथे माणसे कोण कोण हवीत ते सांगताना स्नान घालणारे, अंग दाबणारे, औषध वाटणारे यांच्याबरोबर उत्थापक आणि संवेशक सांगितले आहेत. उत्थापक म्हणजे रुग्णाला उठवून बसविणारा, संवेशक म्हणजे निजविणारा. उठविणे आणि निजविणे ही स्वतंत्र जाणकारीची कामे आहेत, हे इतक्या जुन्या काळी ठाऊक होते! आणि पुढे त्याच यादीत गाणारे, कथा, इतिहास व पुराणे सांगणारे हेही येतात. म्हणजे आमच्यासारख्या टाळकुट्याला तेथे जागा आहे. फक्त ती उठविणाऱ्यांच्या व निजविणाऱ्यांच्या नंतर आहे. हे वाचून आम्हांला बरे वाटले आणि थोडी लाजही वाटली.

आपल्या वसईच्या भूमीतही या विषयाचा एक दगड आहे. सोपारे हे प्राचीन बंदर. सम्राट अशोकाचे शिलालेख तेथे कोरले होते, आणि त्यांतील नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावात सापडला. लोक आजारपणात, विवाहात, पुत्रजन्मात, प्रवासास निघताना नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात, त्यांचे फळ थोडे. चाकरमाणसांशी नीट वागणे, वडील माणसांना मान देणे, प्राण्यांविषयी संयम ठेवणे हे धर्माचे मंगल, त्याचे फळ मोठे, असा त्या लेखाचा आशय आहे. आजारपण हा शब्द त्या यादीत पहिला येतो. दोन हजारांवर वर्षे झाली तरी कोणी आजारी पडले की आपण आधी अंगारा शोधतो. असो.

वाचक म्हणतील, हे जुने झाले, नवे काय? नवीन विद्येने याच गोष्टी मोजून पाहिल्या आहेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालीच लिहून ठेवले होते की रुग्णाला शय्याव्रण झाले तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो. पुढे डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा अभ्यास केला. १९६२ साली तो प्रसिद्ध झाला. पाठीला लावायची मलमे, लेप, स्पिरिट यांपेक्षा वेळेवर कूस पालटून भार हलका करणे हेच उपयोगी, असे त्यातून निघाले. अलीकडे २०१३ साली अमेरिका व कॅनडा येथील वृद्धसेवागृहांत ९४२ जणांवर पाहणी झाली. दोन तासांनी, तीन तासांनी आणि चार तासांनी कूस पालटलेल्यांत फारसा फरक आढळला नाही. मात्र ते सर्व जण दाट फोमच्या चांगल्या गाद्यांवर होते आणि त्यांच्या कातडीवर रोज लक्ष ठेवले जात होते. आपल्या कापसाच्या, मध्ये खड्डा पडलेल्या गादीला तो निष्कर्ष लावू नये! आम्ही तरी दोन तासच धरतो.

जपानात अकरा वृद्धसेवागृहांत दोन वर्षे एक साधी गोष्ट करून पाहिली. काही वृद्धांचे दात व तोंड प्रत्येक जेवणानंतर परिचारकांनी स्वच्छ केले, काहींचे नेहमीप्रमाणे राहू दिले. नेहमीप्रमाणे राहिलेल्यांत शंभरांतील एकोणिसांना फुप्फुसाचा दाह झाला, स्वच्छ केलेल्यांत अकरांना. तोंडातली घाण श्वासाबरोबर खाली उतरते, म्हणून. २००२ साली हे छापून आले. आपण आजाऱ्याच्या मुखी तीर्थ घालतो. त्या आधी ते मुख धुतले आहे का, हे कितीजण पाहतात?

आणखी एक. युरोपातील नऊ देशांतल्या तीनशे रुग्णालयांचा, चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा हिशेब २०१४ साली लिंडा एकेन या परिचारिका-संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. एका परिचारिकेवर एक रुग्ण जास्त पडला की त्या रुग्णांच्या महिन्याभरात मृत्यू पावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि अमेरिकेत बीएट्रिस कॅलिश यांनी २००६ साली परिचारिकांनाच विचारले की घाईगर्दीत कोणते काम राहून जाते. उत्तरात आले: रुग्णाला चालविणे, कूस पालटणे, वेळेवर भरविणे, स्वच्छता, समजावून सांगणे, धीर देणे. इंजेक्शन राहत नाही, कारण ते कागदावर असते. राहते ते, जे कोणी मोजत नाही. आमच्या घरीही औषधाच्या वेळा पाळल्या गेल्या होत्या आणि आईची कूस राहिली होती.

इथवर कोणी वाद घालणार नाही. परंतु याच्यापुढे एक कठीण जागा आहे, आणि ती टाळून हा विषय पुरा होत नाही.

परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग ही पंचविशीतली परिचारिका होती, कर्नाटकातल्या हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका वॉर्डबॉयने तिच्यावर अत्याचार केला आणि तिचा गळा साखळीने आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. जीव राहिला, दृष्टी, वाचा, चालणे गेले. त्या माणसाला मारहाण व चोरी यांबद्दल शिक्षा झाली, सात वर्षांनी तो सुटला. तिची सुटका बेचाळीस वर्षांनी, १८ मे २०१५ रोजी झाली. ही सारी वर्षे ती त्याच रुग्णालयात, वॉर्ड क्रमांक चारलगतच्या खोलीत होती, आणि तिची शुश्रूषा परिचारिकांच्या पिढ्यांनी केली. १९७३ साली ज्या मुली जन्मल्याही नव्हत्या त्यांनी पुढे तिला न्हाऊ घातले. मऊ केलेले अन्न त्यांनी तिला तोंडाने भरविले. २०१० साली तापाने ती खाईनाशी झाली तेव्हा नळी घालावी लागली. तिला मासे आणि कोंबडीचे सूप आवडे, ते दिले की चेहऱ्यावर हसू येई, असे न्यायालयाच्या कागदांत नोंदलेले आहे. आम्ही माळकरी, तरी हे वाचताना आम्हांला विटाळ वाटला नाही, डोळ्यांना पाणी आले. जिला बोलता येत नाही तिला काय आवडते हे ओळखणे, हीच ती ऐकण्याची इच्छा. खाट मोकळी व्हावी म्हणून तिला दुसरीकडे हलविण्याचे प्रयत्न १९८० नंतरच्या काळात झाले, तेव्हा परिचारिकांनी विरोध करून ते हाणून पाडले. आणि सर्वांत मोठी गोष्ट, इतक्या वर्षांत तिच्या अंगाला एकही शय्याव्रण झाले नाही. आमच्या आईला वीस दिवसांत झाले!

पिंकी विराणी या लेखिकेने अरुणाची कहाणी १९९८ साली ग्रंथरूपाने जगापुढे आणली. पुढे २००९ साली त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की हे जिणे नव्हे, तिला अन्न देणे थांबवावे आणि शांतपणे जाऊ द्यावे. परिचारिका म्हणाल्या, नाही, ती आमची आहे, आम्ही करू. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती पाठवून तिची तपासणी करविली आणि ७ मार्च २०११ रोजी निर्णय दिला. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या केईएमच्या मंडळींचा आहे, आणि त्यांची इच्छा ती जगावी अशी आहे, म्हणून अर्ज नामंजूर झाला. मात्र अशा रुग्णाचे कृत्रिम उपाय थांबविण्याची वाट त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून, प्रथमच उघडली. त्या दिवशी परिचारिकांनी पेढे वाटले.

आमच्या संप्रदायातील पुष्कळांचे मत सरळ आहे. आयुष्याची दोरी देवाच्या हाती, परिचारिका बरोबर, बाई चूक. आम्हीही २०११ साली एका कीर्तनात असेच ठणकावून सांगितले, टाळ्या मिळाल्या. घरी आल्यावर कुटुंब म्हणाले, "आणि आपण आईंसाठी काय मागत होतो?"

ते खरे होते. शेवटच्या चार महिन्यांत आईला गिळता येईना, रात्रभर कण्हत असे. आम्ही दोघे माजघरात विठ्ठलाच्या तसबिरीपुढे उभे राहून म्हणत होतो, देवा, सोडव आता. ही प्रार्थना कोणासाठी होती? तिच्या वेदनेसाठी, असे आम्ही तेव्हा म्हणालो असतो. परंतु रात्री दोनच्या पाळीला उठताना पाठ मोडून येई, आणि मनात येई की हे किती दिवस? तेव्हा ती प्रार्थना आमच्यासाठीही होती. जी गोष्ट आम्ही देवापाशी चोरून मागितली ती विराणीबाईंनी न्यायालयात उघड मागितली, आणि त्यांना तर पाळी नव्हती, शीण नव्हता. मग त्यांना निर्दय कसे म्हणावे? त्या अरुणाचे काही ऐकत होत्या. परिचारिकाही ऐकत होत्या. एकीला "पुरे" ऐकू आले, दुसऱ्यांना "राहू दे" ऐकू आले. अरुणा काय म्हणत होती?

आमचे मत विचाराल तर आम्ही परिचारिकांच्या बाजूला झुकतो, पण लोक देतात त्या कारणाने नव्हे. जगविणे केव्हाही पुण्य आणि जाऊ देणे केव्हाही पाप, असे आम्हांला आता म्हणवत नाही. यंत्रे लावून श्वास ढकलीत राहणे ही प्रत्येक वेळी सेवाच असते असेही नाही. आम्ही झुकतो ते एवढ्यासाठी की ज्यांचे हात रोज तिच्या अंगाला लागत होते त्यांना तिचे हसू व तिचे कण्हणे यांतला फरक कळत होता. ऐकण्याचा अधिकार जवळ राहण्याने येतो. उद्या त्याच परिचारिका म्हणाल्या असत्या की आता हिला नळी सोसत नाही, तर आम्ही तेही खरे मानले असते. परंतु यातही एक पेच आहे, तो लपवू नये. बेचाळीस वर्षे ज्याची सेवा केली त्याला जाऊ देणे सेवकालाच सर्वांत जड जाते. सेवेचीही आसक्ती होते. तेथे कोणाचे ऐकू येत आहे, रुग्णाचे की आपल्याच मनाचे, हे कोण सांगणार? आम्हांला आईचे मिटलेले डोळे होकार वाटले होते, कारण आम्हांला वारीस जायचे होते.

यावर एक थोडासा उपाय निघाला आहे तो सांगून ठेवतो. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी मान्य केले की धडधाकट असतानाच माणसाने लिहून ठेवावे, पुढे बरे होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपाय करावेत व कोणते थांबवावेत. २०२३ च्या जानेवारीत त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे ते करता येते. ज्यांना हे कोर्टकचेरीचे वाटते त्यांनी निदान वाचा आहे तोवर वडीलधाऱ्यांपाशी बसून विचारावे. बोलता येते तेव्हा विचारायचे नाही आणि बोलणे गेल्यावर डोळ्यांचे अर्थ लावायचे, हा आमचा प्रमाद झाला. आम्ही उभयतांनी आपापले लिहून मुलाजवळ दिले आहे. मुलगा चिडला, "अभद्र कसलं लिहिता?" त्याने घेतले मात्र.

राहिली ती पैसे देऊन ठेवलेली बाई. आमच्यातले काहीजण म्हणतात, पैसे घेऊन केली ती सेवा नव्हे, चाकरी. केईएमच्या परिचारिकांना पगार होता. त्या पगारात इतर रुग्ण होते. अरुणाला बेचाळीस वर्षे जखम होऊ न देणे पगारात मोजता येत नाही. आणि कीर्तनाचे मोल घेऊ नये असा आपल्याकडे दंडक असूनही येण्याजाण्याचा खर्च म्हणून आम्ही पाकीट घेतोच, तेव्हा या बाबतीत आम्ही फार बोलू नये हे बरे. आता वसई-विरारात घरोघरी हीच अवस्था आहे. सगळे मिळवते, दिवसभर दारे बंद, आणि आत एक म्हातारे माणूस. ब्यूरोतून बाई येते, बारा तासांचे पैसे ठरतात. तिला कूस पालटणे शिकवले आहे का, हे आपण विचारत नाही. भांडी घासशील का, एवढे विचारतो. तिला एकटीला उचलायला लावतो, तिची पाठ जाते. घरच्या सुनेचेही तेच. १९९९ साली अमेरिकेत वृद्ध जोडप्यांची चार वर्षे पाहणी झाली, तीत आजारी जोडीदाराची सेवा करून शिणलेल्यांचा मृत्यूचा धोका इतरांहून त्रेसष्ट टक्के जास्त निघाला. कीर्तनात सेवा करणाऱ्या पुंडलिकाचे आम्ही गोडवे गातो. घरी ती सेवा बहुधा सूनच करते, आणि तिचे नाव कोणत्याही अभंगाच्या निरूपणात येत नाही.

आणि पुंडलिकाची कथा आपण मधूनच सुरू करतो. आधी तो आईबापांशी वाईट वागला होता. त्यांना सोडून तीर्थयात्रेला निघालेला माणूस तो, कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, तेव्हा मागे फिरला. म्हणजे घरच्या रुग्णांना टाकून यात्रेला निघालेले जे कोणी आम्ही, त्यांच्यासाठीच ती कथा आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात आपण आधी त्याचे दर्शन घेतो, मग वर देवळात जातो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. कोणाला सल्ला देण्यापूर्वी पाहावे म्हणून. केळीच्या बागेला लागून घर, ओटीवर खाट, खाटेवर त्यांचे कुटुंब. डोळे स्वच्छ, कपाळावर कुंकू. आमच्या सिस्टरही बरोबर होत्या. त्यांनी पाठ पाहिली. डाव्या खुब्यावर लाली होती, बोट दाबल्यावर पांढरी होत होती. म्हणजे वेळ होती. सिस्टरनी त्यांना तासभर शिकवले. सून त्या दिवशी रजेवर होती, तीही शिकली. बाईंना थोडे थोडे बोलता येते. आम्ही त्यांनाच विचारले, "माउली, यांना वारीला पाठवता का?" त्यांनी पुष्कळ वेळ ओठ हलवले, आणि मग शब्द निघाला, "पाणी." आम्ही सगळे हसलो, सुनेने पाणी दिले. मग त्यांनी नवऱ्याचा हात धरला तो सोडला नाही. ते खाली मान घालून बसले. आम्ही काही बोललो नाही.

आषाढी एकादशीस आम्ही पंढरपुरात होतो. दुपारी वाळवंटातून त्यांना फोन लावला. आवाज नीट येत नव्हता, टाळमृदंगाचा गजर होता. म्हटले, "ऐकताय ना? इथून ऐकवतो." ते म्हणाले, "बुवा, थांबा जरा. दोन वाजले, हिची कूस पालटायची आहे. फोन ठेवू नका." पलीकडे चादर ओढल्याचा आवाज आला, सुनेला हाक मारलेली ऐकू आली, "तू पायाकडून धर." आम्ही फोन कानाला लावून तसेच उभे राहिलो.